तालीम, तरबियत आणि शिक्षा

काही शब्द सरहद्दीवर राहतात. 'शिक्षा' हा त्यांपैकी एक. हिंदीत 'शिक्षा विभाग' म्हणजे शाळा-कॉलेजांचे खाते. मराठीत शिक्षा म्हणजे दंड. नागपूर हे शहर १९५६ पर्यंत हिंदी-मराठी अशा द्विभाषिक प्रांताची राजधानी होते, म्हणून या शब्दाचे दोन्ही अर्थ येथे शेजारी शेजारी नांदत आले आहेत. धंतोलीच्या कडेने वर्धा रोड जातो. त्या रस्त्याने थोडे पुढे गेले की मध्यवर्ती कारागृह लागते, आणि तसेच पाऊणशे किलोमीटर गेले की वर्धा येते. मराठीतली शिक्षा आणि हिंदीतली शिक्षा एकाच रस्त्यावर आहेत, असे कुणी गमतीने म्हटले तर ते फारसे चुकीचे ठरणार नाही.

मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशात 'शिक्षा' या शब्दाला विद्या आणि दंड असे दोन्ही अर्थ दिलेले आहेत. पुढे मराठीने विद्येचा अर्थ 'शिक्षण' या शब्दाकडे सोपवला आणि शिक्षेकडे छडी ठेवली. जुन्या पंतोजींच्या शाळेची आठवण ज्या पिढीने ऐकली आहे तिला ही वाटणी समजायला अडचण पडू नये. पण मूळ धातूत छडी कुठेच नाही. संस्कृतात 'शक्' म्हणजे समर्थ असणे. शक्ती, शक्य हे शब्द त्यातून आले. या 'शक्'चे इच्छार्थक रूप म्हणजे 'शिक्ष्'. समर्थ होण्याची इच्छा धरणे हा शिक्षणाचा व्याकरणातला पहिला अर्थ. इच्छा कुणाची? शिकणाऱ्याची. त्या धातूत गुरुजींना अजून जागा मिळालेली नाही. ते नंतर येतात.

ही गोष्ट विनोबांनी फार नेमकी हेरली होती. आपल्या भाषांत इंग्रजीसारखा 'शिकवणे' या अर्थाचा स्वतंत्र धातूच नाही, असे ते सांगत. आपण शिकतो, दुसऱ्याला शिकायला मदत करतो. 'शिकवणे' हे 'शिकणे'चे प्रयोजक रूप आहे, त्याला स्वतःचे मूळ नाही. १९४० च्या वैयक्तिक सत्याग्रहानंतर याच नागपूरच्या तुरुंगात दिवस काढलेला आणि पुढे कुराणातील वचनांचे सार निवडून ते प्रसिद्ध करणारा हा माणूस अरबीही शिकला होता. म्हणून त्यांच्या निरीक्षणाला अरबीची जोड द्यावीशी वाटते, कारण तेथेही नेमके हेच घडते.

'इल्म' म्हणजे जाणणे. त्याच धातूपासून 'तालीम', म्हणजे जाणते करणे. 'दरस' म्हणजे अभ्यास. त्यापासून 'तदरीस', अभ्यास करवणे, आणि 'मदरसा', अभ्यासाची जागा. 'मकतब' तर नुसती लिहिण्याची जागा. उस्ताद सगळीकडे आहे, पण प्रयोजक म्हणून. पैगंबरसाहेबांवर उतरलेल्या पहिल्या वहीत आधी वाचण्याची आज्ञा आहे आणि त्यानंतर कलमेच्या द्वारे मिळणाऱ्या ज्ञानाचा उल्लेख आहे. ती आज्ञा शिकणाऱ्याला केलेली आहे, हे आपल्याकडच्या प्रवचनांतून क्वचितच सांगितले जाते.

मग दुसरा शब्द 'तरबियत'. याचे मूळ वाढण्यात, वाढवण्यात, पालनपोषणात आहे. मुलाला अन्न देतात, उन्हापासून जपतात, बोलायला-बसायला लावतात, ते सगळे तरबियतमध्ये येते. इंग्रजीतला 'एज्युकेट' हा शब्द ज्या लॅटिन 'एदुकारे'पासून आला, त्याचाही अर्थ हाच आहे: मूल वाढवणे, दाईने पोसणे. शिक्षकदिनाच्या भाषणांत 'एज्युकेशन म्हणजे आतले बाहेर काढणे' असे हमखास सांगतात. ते 'एदुकेरे' या जवळच्या नात्यातल्या दुसऱ्या क्रियापदावरून. भाषणाला ते शोभते, पण रोमन माणसाच्या लेखी हे काम आधी दाईचे होते आणि मास्तर बरेच नंतर यायचा. आपल्या घरांतला 'तालीम-ओ-तरबियत' हा जोडशब्द या दोन्ही पायऱ्या एकदम सांगतो, आणि तो बोलणाऱ्या आजीला लॅटिन येत नसते.

मराठीने या शब्दांचे काय केले तेही पाहण्यासारखे आहे. 'तालीम' मराठीत आली ती लाल मातीत उतरली. कोल्हापूर-पुण्याकडे तालीम म्हणजे पहिलवानांची जागा, आणि तेथला गुरू 'वस्ताद'. आमच्या नागपूरकडे त्यासाठी 'आखाडा' अधिक चालतो. नाटकवाल्यांनी 'रंगीत तालीम' केली. 'कवायद' म्हणजे नियम, व्याकरणाचे नियमसुद्धा. मराठीत त्याची 'कवायत' झाली आणि मुले मैदानावर डावा-उजवा पाय टाकू लागली. 'तरबियत'ची 'तरबेत' झाली आणि ती कसलेल्या माणसाला, कसलेल्या घोड्याला लागू लागली. म्हणजे अंगात मुरवायच्या गोष्टींसाठी मराठीने अरबीचे शब्द घेतले आणि पुस्तकासाठी संस्कृतचे ठेवले. मात्र पुस्तकाभोवतीची सामग्री पाहावी तर दप्तर, कागद, शाई, दौत, हजेरी हे सगळे आपल्याच गल्लीतून गेलेले. मराठी शाळेतल्या मुलाचे दप्तर उघडले की निम्मी फारसी बाहेर पडते.

धंतोलीत रामकृष्ण मठ आहे, १९२८ पासून. आज ही वस्ती दवाखान्यांनी भरून गेली आहे. जुने बंगले एकेक करून इस्पितळे झाले. मठ मात्र आहे तेथे आहे, आणि मराठी वाचकाला विवेकानंदांचे साहित्य स्वस्तात मिळाले ते मुख्यतः या मठाच्या प्रकाशनांमुळे. शिक्षणाविषयी विवेकानंदांचे सांगणे थोडक्यात असे, की ज्ञान माणसाच्या आतच असते, शिक्षकाने वाटेतले अडथळे दूर करायचे. रोप आपण वाढवू शकत नाही, ते आपले आपण वाढते. आपण माती भुसभुशीत करावी, पाणी द्यावे, कुंपण घालावे. हे वाचताना इमाम गज्जाली आठवल्याशिवाय राहत नाहीत. ११११ साली वारलेल्या या आलिमाने एका शिष्याला लिहिलेल्या छोट्या पुस्तिकेत तरबियतचा अर्थ सांगताना शेतकऱ्याचाच दृष्टान्त दिला आहे: तो काटे उपटतो, पिकात माजलेले तण काढतो, म्हणजे पीक जोमाने वाढते. सातआठशे वर्षांचे अंतर, भाषा वेगळी, धर्म वेगळा, आणि दोघांना सुचले ते शेत. कुणी कुणाचे घेतले असा शोध घेण्याची गरज नाही. खुरपणी दोन्हीकडे सारखीच असते.

पण येथे एक खोच आहे. तण कोणते आणि पीक कोणते, हे ठरवतो शेतकरी. रोपाला कुणी विचारत नाही. 'शिकवणे' या प्रयोजक रूपातली सगळी अडचण या एका गोष्टीत भरलेली आहे.

मराठीत 'शिकलेला' आणि 'शिकवलेला' यांत केवढे अंतर आहे पाहा. 'शिकलेला मुलगा' म्हटले की मान मिळतो. 'कुणीतरी शिकवून पाठवलेला' म्हटले की संशय येतो. कोर्टात शिकवलेला साक्षीदार टिकत नाही. 'धडा शिकवीन' ही तर धमकीच. आणि तरीही याच क्रियापदाला एक फार मायेचा अर्थ आहे: 'थोरल्याने धाकट्याला शिकवले.' थोरला स्वतः चौथीत शाळा सोडून गॅरेजवर लागलेला असतो, त्याला धाकट्याचे पुस्तक वाचताही येत नसते, तरी तो त्याला 'शिकवतो'. मोमीनपुऱ्यापासून कामठीपर्यंत असे थोरले भाऊ, अशा विड्या वळणाऱ्या आया पुष्कळ सापडतील. इंग्रजीत यासाठी शिकवणे आणि शिक्षणाचा खर्च करणे असे वेगळे बोलावे लागते. मराठीला ते एका शब्दात दिसते.

आपल्याकडे मुलाच्या शिकण्याची सुरुवात बिस्मिल्लाखानीने होई. चार वर्षे, चार महिने, चार दिवसांचे मूल उस्तादांसमोर बसवायचे, त्याच्याकडून बिस्मिल्ला म्हणवून घ्यायची, मिठाई वाटायची. शेजारच्या वाड्यात धुळाक्षरांवर 'ओनामा' गिरवला जाई. 'ओनामासीधं' म्हणजे 'ॐ नमः सिद्धम्', आणि हे नमन जैन परंपरेशी जोडले जाते, हे गिरवणाऱ्या कित्येकांना माहीत नसे. दोन्हीकडे सुरुवात ही घरातली गोष्ट होती. सरकार त्यात नव्हते. अर्थात ज्यांच्या घरात पाटी येऊच द्यायची नाही असे गावाने ठरवले होते, त्यांच्याकडे ना ओनामा होता ना बिस्मिल्ला. ही जुनी व्यवस्था आठवताना गहिवरून येणाऱ्यांनी तेवढे विसरू नये.

इंग्रजांनी नागपूर १८५४ साली खालसा केले. त्याच्या आधीच, १८४५ मध्ये, स्टीफन हिस्लॉप हा स्कॉटिश मिशनरी येथे आला होता आणि त्याने शाळाही काढली होती. १८५४ हेच वूडच्या खलित्याचे वर्ष. आता 'शिक्षण' हे खाते झाले, त्याला इन्स्पेक्टर आले, अनुदान आले. वरच्या वर्गाला शिकवा, खाली आपोआप झिरपेल, अशी एक समजूत सरकारदरबारी बरीच वर्षे होती. महात्मा फुल्यांनी १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे निवेदन दिले त्यात या झिरपण्यावर घाव घातला: सारा भरतो शेतकरी आणि त्या पैशावर शिकतात वरचे. बारा वर्षांच्या वयापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करा, ही मागणी तेव्हाची आहे.

आणि ज्याला शिकवायचे तोच शिकवायला उभा राहिला तर काय होते, हे नागपूरने जाईबाई चौधरींच्या रूपाने पाहिले. उमरेडच्या या दलित मुलीने नागपूर-कामठी रस्त्यावर डोक्यावरून ओझी वाहिली. एका मिशनरी बाईंच्या आधाराने ती शिकली, मिशनच्या शाळेत शिक्षिका झाली. अस्पृश्य बाई मुलांना शिकवते हे कळताच सवर्ण पालकांनी बहिष्कार घातला आणि नोकरी गेली. तिने शिकलेले चालले. तिने शिकविलेले चालले नाही. १९२२ साली जाईबाईंनी नागपुरात स्वतःची चोखामेळा कन्या पाठशाळा काढली.

धंतोलीला लागून काँग्रेसनगर आहे. डिसेंबर १९२० च्या नागपूर काँग्रेसची आठवण त्या नावात आहे. त्या अधिवेशनाने असहकाराचा ठराव पक्का केला. सरकारी शाळा-कॉलेजे सोडा, हे त्याचे एक कलम होते. त्याच्या दोनच महिने आधी, २९ ऑक्टोबर १९२० ला, अलीगढमध्ये जामिया मिल्लिया इस्लामियाची स्थापना झाली होती. सरकारी अनुदानावरचे कॉलेज सोडून तिकडे गेलेल्या तरुणांत झाकिर हुसेन होते, वय २३. पुढे बर्लिनहून डॉक्टरेट घेऊन ते परतले आणि १९२६ पासून २२ वर्षे त्यांनी जामिया सांभाळली. उर्दू शाळेत शिकलेल्या आपल्या पिढ्यांना ते राष्ट्रपती म्हणून नंतर माहीत होतात. आधी ओळख होते ती 'अब्बू खाँ की बकरी'चे लेखक म्हणून.

हेच झाकिर हुसेन २२ ऑक्टोबर १९३७ ला वर्ध्यात होते. गांधीजींनी तेथे दोन दिवसांची शिक्षण परिषद बोलावली होती. काँग्रेसची मंत्रिमंडळे नुकतीच अधिकारावर आली होती, प्रांताप्रांतांचे शिक्षणमंत्री हजर होते. गांधीजींची कल्पना अशी, की मुलाचे शिक्षण हाताच्या उद्योगातून व्हावे आणि त्या उद्योगाच्या कमाईतून शिक्षकाचा खर्च निघावा. होकार देणारे पुष्कळ होते. झाकिर हुसेन बोलायला उठले आणि त्यांनी यजमानांच्या समोरच धोका सांगितला: शाळेने स्वतःचा खर्च काढायचा म्हटले तर शिक्षक गुलामांवरचे मुकादम बनतील, गरीब पोरांचे श्रम लुबाडतील, आणि मग टकळी पुस्तकापेक्षाही वाईट ठरेल. गांधीजींचे मोठेपण असे, की अभ्यासक्रम आखण्यासाठी जी समिती नेमली तिचे अध्यक्षपद याच टीकाकाराकडे दिले. ख्वाजा गुलामुस्सय्यदैन, विनोबा, काकासाहेब कालेलकर, जे. सी. कुमारप्पा, के. टी. शहा, आर्यनायकम हे त्या समितीत होते. डिसेंबरमध्ये अहवाल तयार झाला. सात ते चौदा वर्षांपर्यंत मोफत व सक्तीचे शिक्षण, मातृभाषेतून, एखाद्या उद्योगाच्या भोवती गुंफलेले. आणि हिंदुस्तानीची ओळख दोन्ही लिपींत. १९३८ मध्ये यासाठी जी संस्था निघाली तिचे नाव 'हिंदुस्तानी तालीमी संघ', आणि या पद्धतीला नाव मिळाले 'नई तालीम'. मराठी मुलखाच्या मधोमध अरबी शब्दाने एका नव्या शाळेचे बारसे झाले.

त्याच वेळी याच प्रांतात दुसरे बारसे चालू होते. मध्यप्रांताचे तेव्हाचे शिक्षणमंत्री पं. रविशंकर शुक्ल यांनी एक योजना मांडली: गावाने किंवा दात्याने जमीन द्यावी, तिच्या उत्पन्नातून शाळा चालावी, शिक्षकाचा पगार निघावा. तिजोरीत पैसा नसलेल्या सरकारची ही युक्ती वाईट नव्हती. तिला नाव दिले 'विद्यामंदिर'.

मुसलमानांतून विरोध उठला तो या नावावर. मंदिर या संस्कृत शब्दाचा मूळ अर्थ घर, निवास. राजमंदिर म्हणजे राजाचा वाडा. आपल्या 'बैत' या शब्दाचा अर्थही घर. कोश उघडून पाहिला तर भांडण पाच मिनिटांत मिटते. पण शब्द कोशात राहत नाहीत, माणसांच्या तोंडी राहतात, आणि गावातल्या विणकराच्या तोंडी मंदिर म्हणजे देऊळ. त्याने आपले मूल 'मंदिरात' पाठवायचे, तेही सरकारच्या म्हणण्यावरून, हे त्याला खटकले तर त्यात नवल काय? नोव्हेंबर १९३८ मध्ये मुस्लिम लीगचा पीरपूर अहवाल बाहेर आला, त्यात काँग्रेस सरकारांविरुद्धच्या तक्रारींत विद्यामंदिरही आले आणि वर्धा योजनाही आली. दोन्ही योजना वेगळ्या होत्या. एक शुक्लांची, शाळेच्या खर्चाची. दुसरी झाकिर हुसेन समितीची, अभ्यासक्रमाची. सभांच्या गलक्यात त्या एक झाल्या. ज्या योजनेवर दोन नामवंत मुसलमान शिक्षणतज्ज्ञांचा हात फिरला होता तीच मुसलमानांविरुद्धचा कट ठरली.

माझे मत असे, की आक्षेप खोटा नव्हता, पण त्याचा जो उपयोग झाला तो शिक्षणासाठी नव्हता. आणि सरकारने दाखवलेला हट्टही शिक्षणासाठी नव्हता. एक नाव बदलल्याने जमिनीचे पीक कमी आले नसते. जमीन देणार कोण, उर्दू शिक्षक मिळतील कुठून, मुलींचे काय, विणकराचे पोर दुपारी मागावर बसते त्याची वेळ कशी जमवायची, हे खरे प्रश्न होते. झाकिर हुसेनांनी वर्ध्यात विचारलेला प्रश्नही त्याच जातीचा होता: या सगळ्यात मुलाचे श्रम कुणाच्या खात्यात जमा होणार? नावाच्या वादात हे प्रश्न मागे पडले. १९३९ च्या अखेरीस युद्धाच्या प्रश्नावर काँग्रेस मंत्रिमंडळांनी राजीनामे दिले आणि योजनेमागचा जोर ओसरला. गावकऱ्यांना विचारले असते तर कदाचित त्यांनी नुसते 'शाळा' म्हटले असते. 'विद्यामंदिर' हे नाव पुढे महाराष्ट्रात इतके रुळले, की त्या पाटीखालून आत जाऊन आपल्यापैकी हजारो जण शिकून बाहेर पडले आणि कुणाचे काही बिघडले नाही. पण रुळणे वेगळे आणि लादणे वेगळे.

स्वातंत्र्यानंतर मौलाना आझाद शिक्षणमंत्री झाले. प्रौढांना नुसती अक्षरे शिकवून भागणार नाही, नागरिक म्हणून जगण्याची तयारी त्यात यावी, म्हणून त्यांनी 'समाजशिक्षण' ही व्यापक कल्पना पुढे आणली. मध्यप्रांताच्या समाजशिक्षण खात्यात तेव्हा कवी अनिल, म्हणजे आ. रा. देशपांडे, अधिकारी होते. तालीमी संघ १९५९ साली सर्व सेवा संघात विलीन झाला. सेवाग्रामची 'आनंद निकेतन' ही शाळा बंद पडली होती, ती २००५ मध्ये पुन्हा सुरू झाली. चालवणाऱ्या संस्थेच्या नावात 'नई तालीम' हे शब्द आहेत.

२००६ साली सच्चर समितीचा अहवाल आला. सहा ते चौदा वयाच्या मुस्लिम मुलांपैकी सुमारे २५ टक्के एकतर शाळेत गेलीच नव्हती किंवा मध्येच गळली होती. मदरशांत जाणारी मुले शाळकरी वयाच्या मुलांपैकी तीन-चार टक्क्यांच्या आसपास. म्हणजे 'यांची मुले मदरशात जातात म्हणून मागे' हे जे ऐकवले जाते त्याला आकड्यांचा आधार नाही. जी चौथाई मुले गळली ती गॅरेजवर, मागावर, घरकामात होती, आणि त्यांतल्या काहींच्या कमाईवर धाकटे शिकत होते.

२००९ मध्ये संसदेने कायदा केला, १ एप्रिल २०१० पासून तो लागू झाला. वय सहा ते चौदा. झाकिर हुसेन समितीच्या वयात खालच्या बाजूला एका वर्षाची भर. मराठीत त्याला बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क म्हणतात. वाचकहो, हे नाव जरा सावकाश वाचून पाहा. 'मोफत' फारसी, 'सक्ती' फारसी, 'हक्क' अरबी. मधोमध 'शिक्षण' संस्कृत. यावर कुणी आक्षेप घेतल्याचे ऐकिवात नाही. गैरसमज झाला तो निराळाच. 'सक्ती' या शब्दाने पालकांना वाटते की मुलावर सक्ती, आपल्यावर सक्ती, पोर गेले नाही तर शिक्षा. कायद्याच्या आठव्या कलमाच्या स्पष्टीकरणात मात्र 'सक्तीचे शिक्षण' म्हणजे सरकारवरचे बंधन, असे लिहिले आहे: प्रत्येक मुलाला मोफत शिक्षण पुरवणे, त्याचा प्रवेश, त्याची हजेरी, त्याचे शिक्षण पूर्ण होणे, याची जबाबदारी सरकारची. सक्ती सरकारवर, हक्क मुलाचा.